रेव्हरंड टिळक आणि मंडळीचे सज्ञान होणे

अर्थशास्त्राच्या प्रथम वर्षाच्या वर्गात वृद्धी आणि विकास या दोन शब्दांतील भेद समजावून सांगताना प्रस्तुत लेखक नेहमी घरातल्या मुलाचे उदाहरण देतो. मुलाची उंची वर्षागणिक वाढते, ती वृद्धी. पुढे ते मूल आपले निर्णय आपण घेऊ लागते, आपला खर्च आपण भागवू लागते आणि आपल्या शब्दांत बोलू लागते. तेव्हा त्याचा विकास झाला असे आपण म्हणतो. राष्ट्रांच्या बाबतीत हा भेद आता सर्वमान्य झाला आहे. धर्मसंस्थांच्या बाबतीत मात्र तो फारसा कोणी लावून पाहत नाही. अनुयायांची संख्या वाढली, इमारती उभ्या राहिल्या, की संस्था वाढली असे समजण्याचा प्रघात आहे.

या प्रघाताला महाराष्ट्रात एका माणसाने आपल्या आयुष्याने उत्तर दिले. रेव्हरंड नारायण वामन टिळक हे नाव क्रमिक पुस्तकांमुळे आपल्या परिचयाचे आहे. ‘केवढे हे क्रौर्य!’ ही कविता पाठ केलेल्या अनेक पिढ्या या राज्यात आहेत. फुलामुलांचे कवी म्हणून ते ओळखले जातात आणि लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ या अजोड आत्मचरित्राचे नायक म्हणून तर घरोघरी ठाऊक आहेत. परंतु १९१७ साली, वयाच्या छपन्नाव्या वर्षी, त्यांनी मिशनची नोकरी सोडून जो मार्ग धरला त्याची चर्चा साहित्याच्या इतिहासात जेमतेम एखाद्या परिच्छेदात आटोपते. वास्तविक त्यांच्या साऱ्या जीवनाचा ओघ त्याच ठिकाणी येऊन मिळतो.

शोधाची वर्षे

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे एका चित्पावन कुटुंबात झाला. आई जानकीबाई भाविक आणि कवित्वाची आवड असलेल्या. वडील वामनराव करड्या स्वभावाचे. बालवयातच आई गेली आणि मुलाला घर परके झाले. तो नाशकास आला. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्याकडे त्याने संस्कृताचे अध्ययन केले. पुढे १८८० च्या सुमारास जलालपूरच्या गोखल्यांच्या मनकर्णिकेशी त्यांचा विवाह झाला. याच पुढे लक्ष्मीबाई झाल्या. संसार मांडला गेला, पण टिळकांचे पाय एका जागी ठरले नाहीत. गावामागून गाव आणि नोकरीमागून नोकरी असा क्रम कित्येक वर्षे चालला. नागपुरास आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने वैदिक वाङ्मयाच्या संपादनाचे काम त्यांनी केले. शास्त्राध्ययन होते, वक्तृत्व होते, कवित्व होते. मनाला स्वस्थता तेवढी नव्हती. जातिभेदाने पोखरलेल्या समाजाला एकत्र आणील असा एखादा नवा धर्मच स्थापावा, असेही विचार त्या काळात त्यांच्या मनात घोळत असत.

१८९३ साली नागपुराहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाशी त्यांचे बोलणे झाले. त्या गृहस्थाने त्यांना बायबलची प्रत भेट दिली. पर्वतावरील प्रवचनाचे अध्याय वाचल्यावर आपल्या प्रश्नांची उत्तरे येथे आहेत, अशी टिळकांची खात्री पटली. दोन वर्षांच्या आतच, १० फेब्रुवारी १८९५ रोजी, मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या वेळी त्यांनी एक आग्रह धरला होता. दीक्षा परकीय मिशनऱ्याकडून न घेता भारतीय पाळकाकडूनच घ्यायची, असा तो आग्रह होता. त्याप्रमाणे रेव्हरंड तुकाराम नथोजी यांच्या हस्ते हा विधी झाला. टिळकांच्या पुढील वाटचालीचे बीज त्या एका आग्रहात दिसते. ख्रिस्त त्यांना हवा होता. त्याच्यासोबत परक्या देशाची पालखी खांद्यावर घेण्याची त्यांची तयारी नव्हती.

या निर्णयाची किंमत प्रथम लक्ष्मीबाईंनी मोजली. नवऱ्याने धर्म सोडला. म्हणजे त्या काळच्या समजुतीप्रमाणे तो असून नसल्यासारखा झाला. सुमारे पाच वर्षे त्या माहेरच्या आणि नातलगांच्या आधाराने, लहान दत्तूला घेऊन, राहिल्या. नंतर त्या नगरला पतीकडे आल्या, तरी चूल आणि सोवळे वेगळेच होते. विचार करता करता, स्वतःशीच झगडा करता करता, त्यांच्या मनातली जातीची भिंत ढासळली आणि १९०० साली राहुरी येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. टिळक बदलले ते विजेच्या वेगाने. लक्ष्मीबाई बदलल्या त्या जमीन भिजावी तशा, थेंबाथेंबाने. कोणत्याही समाजात परिवर्तनाच्या या दोन्ही गती असतात, आणि दोन्हींची गरज असते. ही गोष्ट पुढील कथेच्या दृष्टीने ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

मिशन आणि मंडळी

टिळक ज्या ख्रिस्ती समाजात आले त्याची घडण थोडक्यात पाहिली पाहिजे. अमेरिकन बोर्डाचे पहिले मिशनरी १८१३ साली मुंबईस आले आणि १८३१ साली अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, येथे त्यांचे ठाणे पडले. शाळा, दवाखाने, छापखाना, ‘ज्ञानोदय’ हे १८४२ साली सुरू झालेले नियतकालिक अशी कामे या अमेरिकन मराठी मिशनने उभी केली. नगर जिल्ह्यातील खेड्यापाड्यांतून, विशेषतः महार आणि मांग समाजांतून, बरेच लोक या धर्मात आले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन भीषण दुष्काळांत मिशनने अनाथ मुलांना आसरा दिला आणि उपाशी माणसांना काम दिले. मंडळी, म्हणजे ख्रिस्ती उपासकांचा स्थानिक समाज, संख्येने वाढली.

तथापि हा वाढलेला समाज आपल्या पायावर उभा होता काय? मिशनच्या धुरीणांना हा प्रश्न सुचला नव्हता असे म्हणता येणार नाही. अमेरिकन बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन आणि इंग्लंडमधील चर्च मिशनरी सोसायटीचे हेन्री व्हेन या दोघांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यासच एक सूत्र मांडले होते. मिशनने स्थापिलेली प्रत्येक मंडळी स्वतःचा कारभार स्वतः पाहणारी, स्वतःचा खर्च स्वतः सोसणारी आणि स्वतःच्या बळावर प्रसार करणारी झाली पाहिजे, असे ते सूत्र होते. ते साध्य झाले की मिशनऱ्याने तेथून पुढे जावे. अँडरसन स्वतः १८५४-५५ साली भारतात येऊन मिशनच्या कामाची पाहणी करून गेले. पण सूत्र कागदावर असणे निराळे आणि व्यवहारात उतरणे निराळे. पैसा अमेरिकेतील देणगीदारांकडून येत होता. तो कोठे खर्चावा हे मिशनरी ठरवीत होते. आणि बहुतेक भारतीय पाळक, शिक्षक व प्रचारक त्या पैशातून वेतन घेत होते. ज्याच्या हाती थैली त्याच्या हाती निर्णय, हा नियम सद्हेतूने चालविलेल्या संस्थांनाही चुकत नाही. दाता कितीही उदार असला तरी घेणाऱ्याला हळूहळू वर पाहून बोलण्याची सवय लागते.

नगरमध्ये टिळकांना मोठ्या मनाची माणसे लाभली, हेही सांगितले पाहिजे. येथील धर्मशिक्षणाच्या विद्यालयाचे प्रमुख डॉ. रॉबर्ट ह्यूम यांचा टिळकांवर लोभ होता. टिळक तेथे अध्यापन करीत, खेडोपाडी प्रवचने करीत. घरी कविमित्रांचा राबता असे. जळगावच्या १९०७ च्या कविसंमेलनात चमकलेले बालकवी ठोमरे काही काळ त्यांच्या घरी मुलासारखे राहिले. टिळकांच्या हातात पैसा टिकत नसे, राग नाकावर असे आणि करुणेला मर्यादा नसे. संसाराचा जमाखर्च लक्ष्मीबाईंनी कसा जुळविला, हे त्यांनीच पुढे विनोदाने सांगितले आहे. त्या विनोदाआड किती ओढाताण होती, हे महिनाअखेरीचा हिशेब लिहिणाऱ्या वाचकाला उमगेल.

भजनाचा प्रवेश

मंडळीच्या परावलंबनाचा पहिला अनुभव टिळकांना पैशात आला नाही. तो गाण्यात आला. उपासनेत गायिली जाणारी पुष्कळशी गीते इंग्रजीवरून भाषांतरित असत आणि त्यांच्या चालीही पाश्चात्य असत. शब्द मराठी, पण वृत्त, लय आणि प्रतिमा परक्या. खेड्यातला जो शेतमजूर जात्यावरची ओवी ऐकत वाढला, एकादशीला दिंडीमागे चालला, तो देवळाच्या बाकावर बसून हे सूर तोंडातल्या तोंडात पुटपुटत असे. नगरकडे ख्रिस्ती कीर्तनाचा प्रयोग टिळकांच्या आधी सुरू झाला होता आणि त्यात कृष्णराव सांगळे यांचे नाव आदराने घेतले जाते. टिळकांनी त्या ओढ्याची नदी केली.

ज्ञानेश्वर आणि तुकाराम हे टिळकांचे आवडते संत. तुकोबांच्या सेतूवरूनच आपण ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची भावना होती. म्हणून ख्रिस्ताविषयी लिहिताना त्यांना अभंग, ओवी आणि पद यांचाच आश्रय सहज घ्यावासा वाटला. त्यांच्या लेखणीतून उपासनेची गीते झरू लागली. मराठी ख्रिस्ती मंडळ्या आजही वापरतात त्या ‘उपासना संगीत’ या संग्रहात टिळकांची गीते शंभराहून कितीतरी अधिक आहेत. १९१२ पासून ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादकत्व त्यांच्याकडे आले आणि ‘अभंगांजली’चे अभंग वाचकांपर्यंत जाऊ लागले. देवळात टाळ आणि मृदंग आले. ख्रिस्ताला गुरुमाऊली म्हणून हाक मारणारी भाषा आली.

हे सर्वांना रुचले असे नाही. जुने सोडून आलेल्या माणसाला जुन्याचा आवाज पुन्हा कानी पडला तर धास्ती वाटणे स्वाभाविक आहे. आपण ज्यातून बाहेर पडलो तेच आडमार्गाने परत येते आहे काय, अशी शंका काही ख्रिस्ती बांधवांनी घेतली. तरीही गीते रुजली. याचे कारण अर्थशास्त्राच्या अध्यापकाला फार बोलके वाटते. भाकरी वाटली की कमी होते. गीत वाटले की कमी होत नाही. ते शिकायला शुल्क नाही, गायला परवाना नाही, आणि त्यासाठी परदेशातून निधी येण्याची वाट पाहावी लागत नाही. मंडळीच्या मालकीची अशी जी पहिली संपत्ती निर्माण झाली ती हीच होय.

वेतनाचा त्याग

गाणे आपले झाले, पण कारभार आणि खर्च यांचे काय? विसाव्या शतकाच्या आरंभी हा प्रश्न देशभर विचारला जात होता. १९०५ साली सेरामपूर येथे भारतीय ख्रिस्ती पुढाऱ्यांनी भारतीय पैसा आणि भारतीय माणसे यांच्या बळावर चालणारी नॅशनल मिशनरी सोसायटी स्थापन केली. १९१० साली एडिंबरा येथील जागतिक परिषदेत व्ही. एस. अझरिया यांनी मिशनरी आणि भारतीय ख्रिस्ती यांच्यात खऱ्या मैत्रीचा अभाव असल्याचे उघडपणे सांगितले. दोन वर्षांनी तेच दोर्नाकलचे बिशप झाले. अँग्लिकन चर्चमधील ते पहिले भारतीय बिशप. टिळक देशभक्त होते आणि स्वराज्याची भाषा त्यांच्या कानांवर रोज पडत होती. देश स्वतःचा कारभार मागतो आणि मंडळी तो मागत नाही, ही विसंगती त्यांना डाचत होती.

मिशनवर नुसती टीका करून ते थांबले असते तर त्यांत विशेष काही नव्हते. वेतन घेत घेत वेतन देणाऱ्यावर कोरडे ओढणारे लोक सर्व काळी असतात. टिळकांनी हिशेब स्वतःपासून सुरू केला. १९१७ साली त्यांनी अमेरिकन मराठी मिशनच्या सेवेतून मुक्त होऊन ख्रिस्ती संन्यास स्वीकारल्याचे जाहीर केले आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ या नावाने एक बंधुमंडळ उभारले. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या, अशा ख्रिस्ताच्या सर्व शिष्यांना जागा होती. पंथभेद बाजूला ठेवून, आश्रमाच्या साधेपणाने राहून, भारतीय रीतीने ख्रिस्ताची भक्ती आणि जनसेवा करावी, असा त्याचा हेतू होता. मिशनऱ्यांशी वैर त्यांना नको होते. वडीलकीचे नाते संपून बरोबरीचे नाते सुरू व्हावे, एवढीच त्यांची मागणी होती. बावीस वर्षांची नोकरी सोडणारा हा माणूस श्रीमंत नव्हता; त्याच्यामागे शिलकीचे पुस्तक नव्हते. शिक्षकाला आणि कारकुनाला या त्यागाचा अर्थ फोड करून सांगण्याची आवश्यकता नाही.

आक्षेप आणि त्यांचे वजन

या प्रयोगावर आक्षेप आले, आणि ते सारेच कोत्या मनाचे होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. पहिला आक्षेप तत्त्वाचा. बाप्तिस्म्याशिवाय शिष्यत्व मान्य केले तर मंडळीची सीमारेषा कोणती? ज्यांनी बाप्तिस्मा घेऊन घर, जात आणि वारसा गमावला, त्यांच्या त्यागाचे मोल यामुळे कमी होत नाही काय? खुद्द लक्ष्मीबाई आणि टिळक यांनीच ती किंमत मोजली होती. दुसरा आक्षेप व्यवहाराचा. दुष्काळी मुलखातील भूमिहीन माणसांच्या मंडळ्यांनी पाळकाचा खर्च कोठून उचलावा? स्वावलंबनाचा उपदेश पोट भरलेल्याने उपाशी माणसाला केला तर त्यात क्रूरता येते.

तिसरा आक्षेप आज अधिक स्पष्टपणे मांडला जातो आणि तो सर्वांत जड आहे. मराठी ख्रिस्ती समाजातील बहुसंख्य माणसे ज्या जातींतून आली, त्यांना जुन्या परंपरेने देवळाच्या पायरीशीच अडविले होते. मग भारतीयत्व आणायचे म्हणजे कोणाचे भारतीयत्व आणायचे? ब्राह्मण घरातून आलेल्या विद्वानाला जी परंपरा वारसा वाटते, ती पायरीवर थांबविल्या गेलेल्या माणसाला बेडी वाटू शकते. टिळकांच्या बाजूने एवढे म्हणता येईल की त्यांनी शास्त्री-पंडितांची परंपरा उचलली नाही. वारकऱ्यांची उचलली, आणि त्या परंपरेत चोखामेळ्याचाही आवाज आहे. तरीही तो आवाज पायरीशीच राहिला होता, हे सत्य उरतेच. आपले म्हणून जे स्वीकारायचे त्याचीही पारख सर्वांनी मिळून करावी लागते. एकट्या प्रतिभावंताने ती करून चालत नाही.

मागे काय उरले

टिळकांना या आक्षेपांची उत्तरे कृतीने देण्यास वेळ मिळाला नाही. प्रकृती खालावत गेली आणि ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. आपल्या देहाचे दहन करावे, अशी त्यांची इच्छा होती. त्याप्रमाणे दहन झाले आणि रक्षा नगरला नेऊन ठेवण्यात आली. दरबार त्यांच्यामागे फार काळ टिकला नाही. त्याला घटना नव्हती, निधी नव्हता, दुसरी फळी नव्हती. संस्थेची उभारणी एका माणसाच्या तेजावर झाली की ते तेज मावळताच अंधार होतो. टिळकांच्या प्रयोगातील हे वैगुण्य झाकण्यात अर्थ नाही. ज्याने मंडळीला स्वावलंबन शिकवायचे त्याने आपल्याशिवाय चालणारी व्यवस्थाही उभी करावयास हवी होती.

पण हिशेब येथे संपत नाही. टिळकांचे चरित्रकार जॅक विन्स्लो या इंग्रज मिशनऱ्याने १९२२ साली ख्रिस्त सेवा संघ स्थापन केला, तो भारतीय आणि युरोपीय यांनी बरोबरीने एकत्र राहावे याच ध्येयाने. दरबाराची कल्पना तेथे पुन्हा अंकुरली. अमेरिकन मिशनच्या मंडळ्या पुढे एका व्यापक भारतीय चर्चमध्ये सामील झाल्या आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा निरनिराळ्या चर्चनी एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन केले. ज्या नागपुराहून टिळक त्या आगगाडीत बसले होते, तेच हे शहर. रोमन कॅथलिक चर्चनेही १९६२ ते १९६५ या काळातील व्हॅटिकन परिषदेनंतर लॅटिनच्या जोडीला लोकभाषांना उपासनेत स्थान दिले. टिळकांनी जे मागितले त्यातील बरेचसे अशा रीतीने पुढे रूढ झाले; अर्थात याचे श्रेय त्यांच्या एकट्याकडे जात नाही.

आणि एक काम घरातच झाले. ख्रिस्ताचे चरित्र ओवीबद्ध करण्यासाठी टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ आरंभिले होते. दहा-अकरा अध्याय झाले आणि लेखणी थांबली. ते पुढे नेले लक्ष्मीबाईंनी. शालेय शिक्षणाचा संस्कार नसलेल्या, सोवळ्याच्या चुलीपासून सुरुवात केलेल्या या बाईंनी चौसष्ट अध्यायांची भर घातली. त्या १९३६ साली गेल्या आणि ग्रंथ १९३८ साली प्रसिद्ध झाला. विजेच्या वेगाने बदललेल्या माणसाचे अपुरे काम थेंबाथेंबाने बदललेल्या व्यक्तीने शेवटाजवळ नेले.

आपल्यापैकी बहुतेक जण कोणत्या ना कोणत्या संस्थेत आयुष्य काढतो. ती शाळा असेल, ग्रंथालय असेल, पतपेढी असेल, देवळाची किंवा चर्चची पंचकमिटी असेल. अनुदान येते, इमारत उभी राहते, सभासदांचा आकडा वाढतो आणि वार्षिक अहवालात प्रगतीचे परिच्छेद छापले जातात. अशा वेळी टिळकांच्या आयुष्यातून निघणारे तीन साधे प्रश्न अहवालाच्या समासात लिहून ठेवावेत. या संस्थेत बोलली जाते ती भाषा सभासदांची आहे काय? निर्णय घेताना कोणाच्या तोंडाकडे पाहिले जाते? आणि बाहेरून येणारा पैसा उद्या थांबला, तर परवा सकाळी दार उघडायला कोण येईल? या प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत संस्था मोठी झाली आहे असे म्हणावे. ती सज्ञान झाली आहे असे म्हणण्याची घाई करू नये.